चित्रकार शॉन स्कली : दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत काय आहे?

लिफीकाठ (धागाकर्ती)

डब्लिनला राहायला येऊन मला आठ वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर पाऊस आणि घरात एकटेपणा म्हणून, पार्नेल स्क्वेअरच्या ह्यू लेन गॅलरीत गेले होते. प्रवेश फुकट, रविवारी दुपारी संगीताची मैफलही असायची. गेले होते खरं तर चित्रकार फ्रान्सिस बेकनचा स्टुडिओ बघायला. लंडनमधली त्याची ती पसाऱ्याने भरलेली खोली १९९८ साली या गॅलरीला मिळाली. प्रत्येक चिंधी, डबा, फाटका फोटो नोंदवून सात हजारांवर वस्तू इथे आणल्या आणि होत्या तशा मांडल्या. काचेतून ते बघून बाहेर आले आणि पुढच्या दालनात शिरले तर समोर नुसते पट्टे. राखाडी, काळे, मळक्या तांबड्या रंगाचे, विटा रचाव्यात तसे.

पहिल्या मिनिटाला काहीच झालं नाही. मग मी जवळ गेले. एका राखाडी विटेच्या कडेला बारीकशी लाल रेघ दिसली. ती कुणी काढलेली नव्हती. खाली आधी लाल रंग होता, वर राखाडी चढवताना ब्रश कडेपर्यंत पोचलाच नव्हता. मग पुढची कड बघितली, मग त्याच्या पुढची. कुठे निळं डोकावतंय, कुठे गुलाबी, कुठे दोन रंग ओले असताना एकमेकांत ओढले गेलेत. बाहेर आले तेव्हा चार वाजून अंधार पडायला लागला होता.

तेव्हापासून मी शॉन स्कलीबद्दल मिळेल ते वाचते आणि दिसेल तिथे त्याची चित्रं बघते. जन्म डब्लिनचा, १९४५. चार वर्षांचा असताना घरचे लंडनला गेले आणि तिथल्या कष्टकरी वस्तीत तो वाढला. पंधराव्या वर्षी छापखान्यात उमेदवारी, संध्याकाळी सेंट्रल स्कूलमध्ये चित्रकलेचे वर्ग, मग क्रॉयडन आणि न्यूकॅसलला कलाशिक्षण. १९७५ पासून न्यूयॉर्क. ह्यू लेनमधलं त्याचं कायमचं दालन २००६ सालचं, गॅलरीला नवा भाग जोडला गेला तेव्हाचं. त्यातली चित्रं त्याने स्वतः दिलेली आहेत.

मी चित्रकार नाही. म्हणून इथल्या रंगात हात घालणाऱ्या मंडळींना विचारायचं आहे. ती कड तशी होते कशी? तो वापरतो काय आणि करतो काय? आणि हे पट्टे त्याच्याकडे आले कुठून?

शंकेखोर

लिफीकाठताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून मनापासूनच विचारतो. फोटोत बघितलं तर मला खरंच काही कळत नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात रंगाऱ्याने खाली तपकिरी आणि वर पिवळा पट्टा मारलाय, तिथेही दोन रंग भेटतात. मग फरक कुठे आहे? मला तो बघायचा आहे, म्हणून विचारतोय.

कोरडा_ब्रश

शंकेखोर, प्रश्न अगदी योग्य जागी आहे. स्कली सुरुवातीला तेच करायचा जे तुमचा रंगारी करतो. सत्तरीच्या दशकातली त्याची चित्रं मास्किंग टेप लावून, ॲक्रिलिकने केलेली आहेत. टेप लावायची, रंग द्यायचा, वाळला की टेप काढायची, आडवी जाळी झाली की तिच्यावर उभी. कड अशी की ब्लेडने कापल्यासारखी. न्यूयॉर्कला गेल्यावरची चार-पाच वर्षं तर बारीक बारीक गडद रेघा, काळ्याशेजारी काळपट, इतक्या जवळच्या छटा की फोटोत येतच नाहीत.

१९८०-८१ च्या सुमाराला त्याने टेप सोडली. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामातली सर्वात मोठी गोष्ट हीच. टेप असते तेव्हा कड टेप ठरवते. टेप काढून टाकली की कड हाताला ठरवावी लागते, आणि हात दर इंचाला वेगळं ठरवतो.

आता सामान. तैलरंग, लिननचा कॅनव्हास आणि घर रंगवायला वापरतात तसले रुंद चपटे ब्रश. चित्रकाराचे नाजूक कुंचले नाहीत. रंग पॅलेटवर बोटभर नाही, डब्यात, भांड्यात पातळ करून कालवलेला, कारण आठ फुटी चित्राला एकेक रंग लिटरच्या हिशेबात लागतो. आधी कोळशाने मोकळ्या हाताने मांडणी. मग एक थर. तो वाळू द्यायचा किंवा अर्धवट ओला असतानाच दुसरा चढवायचा. चार थर, सहा थर, रंग पूर्ण बदलून. लाल होतं ते राखाडी होतं, राखाडीचं पुन्हा निळसर. शेवटचा थर देताना ब्रश कडेपाशी थोडा अलीकडे थांबतो आणि खालचं सगळं त्या फटीत उरतं.

ताई, तुम्हाला दिसलेली लाल रेघ ती हीच. चित्राचा जुना दिवस तिथे शिल्लक राहिलाय.

पानगळ

वाह, कोरडा_ब्रश. एक बालिश वाटेल असा प्रश्न. ओल्यावर ओला रंग चढवला तर चिखल होत नाही का? आम्ही शाळेत जलरंगात हे केलं की सगळं मातकट व्हायचं.

कोरडा_ब्रश

होतो. माझा कितीदा तरी झालाय. दोन वर्षांपूर्वी मी एका चार फुटी कॅनव्हासवर हे करून बघितलं. खाली बर्न्ट सिएना, वर फिकट राखाडी. पहिला फटकारा सुंदर गेला, खालचा तांबूसपणा राखाडीत मिसळून कोमट रंग झाला. मला तो आणखी नीट करायचा मोह झाला. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा ब्रश फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला, आणि पंधरा मिनिटांत सगळा पट्टा ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसायला लागला. पुसून टाकावा लागला.

चुकलं काय ते नंतर कळलं. एक तर खालचा थर फार ओला होता. तो हाताला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतपत ओढलेला हवा. दुसरं, ब्रशमध्ये रंग भरपूर हवा म्हणजे तो खालच्यावरून वाहतो, खालचं उकरत नाही. तिसरं आणि सगळ्यात अवघड म्हणजे एकदा गेलेल्या जागेवरून परत जायचं नाही. स्कलीचे फटकारे लांब असतात, खांद्यातून येतात. मोठ्या चित्रासमोर उभं राहिलं की माणसाच्या हाताची पोच किती हे त्या पट्ट्यांच्या लांबीवरून कळतं.

तैलरंगाचा एक जुना नियमही सांभाळावा लागतो. खालचा थर पातळ, टर्पेंटाइन जास्त असलेला, आणि वर जाल तसं जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा आतल्या आत हलत राहतो आणि काही वर्षांनी भेगा पडतात.

धोटा

मी येवल्याकडचा, घरात माग होता. पट्टे आले कुठून या प्रश्नाला माझ्याकडून थोडं.

स्कली विद्यार्थी असताना, १९६९ मध्ये, मोरोक्कोला गेला होता. तिथले तंबू, घोंगड्या, लोकांच्या अंगावरचे पायघोळ जेलाबा, सगळं पट्ट्यापट्ट्यांचं. परत आल्यावर त्याच्या चित्रांत पट्टे आले ते कायमचेच. हे सगळेच सांगतात. पण मला त्याच्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९७२ ला फेलोशिपवर तो अमेरिकेत हार्वर्डला गेला, तेव्हा त्याने लाकडी चौकटींवर पट्ट्या ताणून आणि विणून कामं केली. रंगवलेली जाळी नाही, खरी जाळी, खालून-वरून गेलेली. म्हणजे कापडाचा नुसता दिसणारा नमुना त्याने उचलला नव्हता. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) एकमेकांना धरून कसे राहतात ते त्याने हाताने करून बघितलं.

मागावर पट्टा ही सगळ्यात साधी गोष्ट. ताण्याला रंग बदलून सूत लावलं की उभा पट्टा आपोआप येतो, बाण्याचं सूत बदललं की आडवा. पैठणीच्या पदरात मात्र दोन रंग शेजारी आणायचे तर विणकर दर ओळीला एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवतो आणि तिथूनच मागे वळवतो. ती कड जवळून बघितलीत तर सरळ नसते, दातेरी असते, दोघांनी एकमेकांचा हात धरल्यासारखी. स्कलीची मोठी चित्रं मी प्रत्यक्ष बघितली ती एकदाच, लंडनला मुलीकडे गेलो होतो तेव्हा. पाय आपोआप कडेकडेच गेले, कारण लहानपणापासून कापड हातात घेतलं की तिथेच बघायची सवय. माल चांगला की वाईट ते जोडावर कळतं.

लिफीकाठ

धोटा, हे वाचून अंगावर काटा आला. पैठणीचा जोड आता नीट बघणार, आईची आहे माझ्याकडे इथे.

मोरोक्कोत तो पुन्हाही गेला. १९९२ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी, फ्रेंच चित्रकार मॅटिसच्या वाटेने. मॅटिसही १९१२-१३ मध्ये तिथे राहून आला होता आणि त्याच्याही चित्रांत त्या उजेडाने उलथापालथ केली.

तळटीप

प्रभावांचा विषय निघालाच आहे तर माझी भर. स्कलीबद्दल बोलताना लोक एकदम अमेरिकन चित्रकार मार्क रोथकोचं नाव घेतात आणि थांबतात. रोथको आहेच. क्रॉयडनला शिकताना एका कॅटलॉगमधून स्कलीला तो सापडला, आणि तोवर माणसं-आकृत्या काढणारा हा मुलगा अमूर्ताकडे वळला. पण दोघांचा रंग अगदी वेगळा आहे. रोथको रंग पातळ पातळ करून कापडात मुरवतो. त्याच्या कडा धुक्यासारख्या विरतात, वजन जाणवत नाही. स्कलीचा रंग जाड आहे, अंगाखांद्याने भरलेला. रोथकोसमोर माणूस तरंगतो, स्कलीसमोर भिंतीला टेकून उभा राहतो.

माझ्या मते रोथकोइतकाच मोठा वाटा व्हॅन गॉगच्या खुर्चीचा आहे. पिवळी, गवताच्या बैठकीची ती साधी खुर्ची. तरुणपणी लंडनमध्ये स्कली ती पुन्हा पुन्हा बघायला जायचा. चित्र तेव्हा टेट गॅलरीत होतं, आता नॅशनल गॅलरीत आहे. एका रिकाम्या खुर्चीत माणूस नसतानाही माणूस कसा भरता येतो, नुसत्या रंगाच्या जाड थराने आणि चार सरळ दांड्यांनी? स्कलीचे पट्टे मला त्या खुर्चीच्या पायांसारखे वाटतात. भूमितीतली रेघ म्हणून नाही, कुणीतरी वापरलेली वस्तू म्हणून ते समोर येतात.

२०१९ मध्ये त्याच नॅशनल गॅलरीने त्याचं प्रदर्शन भरवलं. त्याचा मुख्य धागा इंग्लिश चित्रकार टर्नरचं ‘द इव्हनिंग स्टार’ हे चित्र होतं. समुद्र, किनारा, आकाश, सगळं आडव्या पट्ट्यांत विरघळलेलं. टर्नरचं ते चित्र १८३० च्या आसपासचं. ते बघितल्यावर स्कलीच्या आडव्या पट्ट्यांना अमूर्त म्हणताना जीभ अडखळते.

मोंद्रियान आणि मोरांदी हे आणखी दोघे चित्रकार. मोंद्रियानकडून सांगाडा. मोरांदीकडून, जो आयुष्यभर त्याच बाटल्या मांडून रंगवत राहिला, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचं धैर्य. मोरांदीवर स्कलीने स्वतः लिहिलंही आहे.

शंकेखोर

आता मला काहीतरी दिसायला लागलंय. पण मोठं चित्र म्हणजे किती मोठं? आणि एकाच्या शेजारी एक चिकटवलेले भाग दिसतात, ते का?

कोरडा_ब्रश

‘बॅक्स अँड फ्रंट्स’ हे १९८१ चं चित्र धरा. उंची आठ फूट, लांबी वीस. अकरा वेगवेगळे पॅनेल एकाशेजारी एक जोडलेले, उंची-रुंदी वेगळी, प्रत्येकावर पट्ट्यांची जाडी वेगळी, रंग वेगळे. सुरुवात झाली ती पिकासोच्या ‘थ्री म्युझिशियन्स’ला उत्तर म्हणून, चार पॅनेलची, चार वादक. मग ते वाढत गेलं. पॅनेलांकडे रांगेत उभी माणसं म्हणून बघा, काही पाठमोरी, काही तोंड करून. १९८२ ला न्यूयॉर्कच्या पीएस वन या कलाकेंद्रात ते लागलं आणि स्कलीचं नाव झालं. त्या काळी तिथे मिनिमल चित्रकलेचं वजन होतं, चित्रातून माणूस आणि त्याची गोष्ट हद्दपार केलेली. स्कलीने ती दोन्ही परत आत घेतली, एकही चेहरा न काढता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तो लाँग आयलंडवर मॉंटॉकला राहिला आणि तिथे सापडलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर छोटी चित्रं केली. तुकडे कमी-जास्त जाडीचे, म्हणून जोडले की एक पुढे येतो, एक मागे जातो. मग मोठ्या चित्रांतही हे आलं. एक पॅनेल भिंतीपासून चार बोटं पुढे. पुढे तर तो मोठ्या कॅनव्हासला चौकोनी भोक ठेवून त्यात दुसरा छोटा कॅनव्हास खिडकीसारखा बसवायला लागला. हे अर्धं सुतारकाम आहे. माप चुकलं तर फट राहते किंवा कॅनव्हास बसत नाही. बाजूने बघितलं तर छोट्या चित्राला स्वतःची सावली असते. फोटोत ती कधीच येत नाही, म्हणून फोटो बघून त्याची चित्रं सपाट वाटतात.

पानगळ

त्याच्या ‘पॉल’ या चित्राबद्दल कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहिते. १९८३ मध्ये त्याचा तरुण मुलगा पॉल अपघातात गेला. ‘पॉल’ १९८४ चं आहे, तीन भाग जोडून केलेलं, साडेआठ फुटांपर्यंत उंच, लंडनच्या टेटच्या संग्रहात. माझा भाऊ गेला त्या वर्षी मी त्याच्यासमोर उभी राहिले होते. नाव वाचलं नव्हतं आधी. फक्त पट्टे होते, आणि मला वाटलं कुणीतरी दार धरून उभं आहे. मग पाटी वाचली. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

लिफीकाठ

पानगळ, 🙏

मिऱ्या

मी रत्नागिरीचा, सध्या गॉलवेत नोकरी. धागा वाचला आणि राहवलं नाही.

स्कलीने २००५ साली अरन बेटांवरच्या भिंतींचे फोटो काढले, काळे-पांढरे. अरन म्हणजे इथून समोर समुद्रात असलेली तीन बेटं. चुनखडीचा उघडा कातळ आणि त्याच्यावर दगडी भिंतींचं जाळंच जाळं. मी इनिश मोरला पहिल्यांदा उतरलो आणि तोंडातून शब्द निघाला, गडगा! आपल्याकडे कलमांच्या बागेला घालतात तोच. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, एकाचं वजन दुसऱ्यावर, बस. आपल्याकडे जांभा किंवा काळा दगड, तिथे राखाडी चुनखडी, एवढाच फरक.

त्या भिंतींत काही दगड आडवे असतात, काही सरळ उभे लावलेले, आणि मधून उजेड दिसतो. अटलांटिकचा वारा सुटला की तो फटींतून निघून जातो, म्हणून भिंत पडत नाही. बंद भिंत असती तर कधीच आडवी झाली असती. गुरं आत घ्यायची तर फाटक नसतं. तेवढ्या जागचे दगड काढून ठेवतात आणि गुरं गेली की परत रचतात. बेटावरची शेतजमीनसुद्धा माणसांनी केलेली, वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून कातळावर पसरून.

स्कलीची विटांसारखी चित्रं, आडवे-उभे ठोकळे, मधल्या फटी आणि त्यातून दिसणारा खालचा रंग, मला तरी गडगाच दिसतो. तुम्ही फटीला चित्राचा जुना दिवस म्हटलंत. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची की गडगा रचताना दगड नाही, फट बघायची असते. कुठला दगड कुठे बसेल ते फट सांगते.

तळटीप

मिऱ्या, अप्रतिम. एक क्रम मात्र लावून ठेवतो. भिंतीची कल्पना त्याला अरनच्या आधी मेक्सिकोत मिळाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो युकातानमधल्या माया लोकांच्या दगडी अवशेषांमध्ये हिंडला. तोच दगड सकाळी गुलाबी, दुपारी पांढरा, संध्याकाळी निळा. तिथे बसून त्याने लहान जलरंग चित्रं केली आणि १९८४ मध्ये त्यातल्या एकाला नाव दिलं ‘वॉल ऑफ लाइट’, उजेडाची भिंत. त्यावरून मोठी तैलचित्रं सुरू व्हायला १९९८ उजाडलं. चौदा वर्षं कल्पना नुसती मुरत पडली होती. २००५ ते २००७ मध्ये ही मालिका वॉशिंग्टनपासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमपर्यंत फिरली.

अरनचे फोटो त्याच्या मधोमध येतात. म्हणजे डब्लिनमध्ये जन्मलेला माणूस मेक्सिकोच्या वाटेने आयर्लंडच्या भिंतीकडे परत आला.

कोरडा_ब्रश

जलरंगांवर एक ओळ हवीच. त्याच मांडणीचं तैलचित्र आणि जलरंग शेजारी ठेवून बघा. तैलचित्रात फटीत गडद दिसतं, कारण खाली रंग आहेत. जलरंगात फट कागदाची, पांढरी, म्हणजे उजेड फटीतूनच बाहेर येतो. भिंत तीच, एकदा अंधारावर रचलेली, एकदा उजेडावर. पेस्टलमध्ये तिसरंच काही होतं. रंगाची पूड बोटांनी, तळहाताने कागदात घासून थरावर थर, म्हणून कड मखमलीसारखी.

आडवाट

मी बार्सिलोनाजवळ राहते. इथून तासाभरावर मोंतसेराटचा डोंगर आहे, त्याच्या कुशीत सांता सेसिलिया हे जुनं छोटं दगडी चर्च. २०१५ मध्ये ते स्कलीच्या चित्रांसह उघडलं, त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या दिवशी. तैलचित्रं आहेत, काचेच्या खिडक्या आहेत, आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे भिंतीवरची फ्रेस्को. ओल्या गिलाव्यावर रंग, गिलावा वाळतो तसा रंग भिंतीतच कोंडला जातो. तिथे थरावर थर नाहीत, परत फिरणं नाही, खालचा रंग डोकावणंही नाही. आयुष्यभर खालचा थर जपणाऱ्या माणसाने एकाच फटकाऱ्यात काम संपवलंय. चर्चमधल्या एका चित्रमालेला त्याच्या आईचं नाव आहे, होली.

आत फार उजेड नसतो. बाकावर बसून दहा मिनिटं डोळे सरावू द्यावे लागतात.

शंकेखोर

आपल्या गायतोंड्यांशी याचं काही नातं लावता येईल का? तेही पट्टे नाही पण थर, थर, थर.

तळटीप

प्रश्न चांगला आहे, उत्तर जपून द्यायला हवं. वासुदेव गायतोंडे १९२४ चे, नागपूरला जन्मलेले, जेजेत शिकलेले. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला होते, म्हणजे स्कलीच्या अकरा वर्षं आधी. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध मी लावणार नाही. पण कामाची पद्धत शेजारी ठेवण्यासारखी आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंग चढवायचे आणि काढायचे, आणि शेवटी असा पृष्ठभाग उरायचा की कड कुठे सुरू होते तेच कळत नाही. स्कली कडेवर जगतो, गायतोंड्यांनी कडच विरघळवली. मला दोघेही लागतात, वेगवेगळ्या वेळी.

आयरिश चित्रकारांत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पॅट्रिक स्कॉट (१९२१-२०१४) बघा. मूळचा वास्तुविशारद. अस्तर न दिलेल्या उघड्या लिननवर टेंपेराचा पांढरा आणि सोन्याचा वर्ख. कापडाचा मातकट रंग तसाच ठेवलेला. तिथे खाली काही लपवलेलं नाही, सगळं वर आहे.

पानगळ

स्कली आता काय करतो? पट्टेच?

कोरडा_ब्रश

पट्टेच, पण आडवे झालेत. ‘लँडलाइन’ नावाची मालिका, समुद्राकाठी उभं राहून जमीन-पाणी-आकाश बघावं तशी. २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या वेळी ती तिथे लागली होती आणि २०१८ ला वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात. मधे बहामाच्या किनाऱ्यावर वाळूत खेळणाऱ्या मुलाची चित्रंही त्याने केली, चक्क आकृत्या, पन्नास वर्षांनी.

माझ्यासारख्याला ‘लँडलाइन’मध्ये सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे त्यातली बरीच चित्रं कापडावर नाहीत, ॲल्युमिनियमवर आहेत. त्याने तांब्यावरही केलंय. लिनन तेल पितं आणि विणीमुळे ब्रशला अडवतं, म्हणून फटकारा हळूहळू सुकत जातो. शेवटी शेवटी खरखरीत होतो. धातू काहीच पीत नाही. रंग घसरतो, फटकारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तसाच ओला जातो आणि ब्रशच्या प्रत्येक केसाची रेघ उठून राहते. आडव्या पट्ट्यात पाणी हलल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. पत्रा वाकत नाही, दबत नाही, म्हणून हात जोरात टेकवता येतो.

धोटा

मग करून बघा की एकदा. पाटीवाल्यांकडे एसीपी शीट मिळते ना, ॲल्युमिनियमचीच असते वरून.

कोरडा_ब्रश

धोटाकाका, तुमच्या सांगण्यावरून केलं. मधे दहा दिवस गेले, म्हणून उशीर.

पाटी बनवणाऱ्याकडून तीन बाय तीनचा एसीपीचा उरलेला तुकडा घेतला. वरची प्लास्टिकची फिल्म काढली, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी मारली, थिनरने पुसला, मेटल प्रायमरचा एक हात दिला. दोन दिवसांनी सपाट चार इंची ब्रशने खाली गेरूचा पातळ थर. तो तीन दिवस ओढू दिला. मग काल रात्री वरून आडवे पाच पट्टे, फिकट राखाडी, काळा, निळसर राखाडी, पुन्हा काळा आणि सगळ्यात खाली मळका पांढरा.

पहिले दोन खराब गेले. ब्रश इतका सहज घसरतो की हात थांबायच्या आत पलीकडच्या पट्ट्यात शिरला. कापडावर जी आपोआप होणारी अडवणूक असते तिच्यावर मी किती विसंबून होतो ते काल कळलं. तिसऱ्याला श्वास रोखून गेलो आणि कड फारच सरळ आली, टेप लावल्यासारखी मेलेली. चौथा काळा पट्टा देताना मिऱ्यांचा गडगा आठवला. पट्ट्याकडे बघायचं सोडून दिलं आणि वरच्या निळसर राखाडीच्या आणि ब्रशच्या मधल्या जागेकडे बघत हात ओढला. डावीकडे गेरूची बोटभर रुंद फट राहिली, मधे ती पार बुजली, उजवीकडे केसाएवढी पुन्हा निघाली, आणि एका जागी काळा राखाडीत ओढला जाऊन हिरवट झाला. तेवढा एक फूट मला आवडलाय. बाकीचं घासून काढून परत करणार.

फोटो उद्या सकाळी खिडकीपाशी धरून काढतो. आत्ता ट्यूबलाइटखाली गेरू विटकरी दिसतोय आणि ती हिरवट जागा तर दिसतच नाहीये.

लिफीकाठ

वाट बघते. बाजूनेही एक काढा, कडेवर तिरका उजेड येईल असा.